कापूस वेचणीच्या दिवसांत सुजणारा हात

स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या लसिकेच्या गाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, की हातातली लसिका (अंगातलं पाण्यासारखं द्रव) परत नेणाऱ्या वाटा कमी होतात. पाणी साचतं, हात जड पडतो. हे काही महिन्यांत होतं, तसं कित्येक वर्षांनीही. सूज डोळ्यांना दिसण्याआधी बांगडी रुतते, ब्लाउजची बाही घट्ट होते. शिंप्याची टेप घेऊन महिन्यातून एकदा सकाळी दोन्ही हात मोजा: मनगटावर, कोपराच्या १० सेंटिमीटर खाली आणि १० वर. मापं वहीत लिहा. फरक २ सेंटिमीटरवर गेला की फिजिओथेरपिस्टकडे जा. या सुजेवर लघवीच्या गोळ्या चालत नाहीत.

‘त्या हाताला कामच लावू नको,’ असं घरोघरी सांगतात. ते चुकीचं आहे. स्नायू हलले की पाणी पुढे सरकतं. हात नुसता ठेवला तर खांदा आखडतो. काम हळूहळू वाढवा, मध्ये थांबा. बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) पीठ चुलीवर हाटणं मात्र दुसऱ्या कुणाला द्या. चुलीची धग आणि सलग जोर, दोन्ही सूज वाढवतात. बडगीत (लाकडी भांड्यात) भरीत कुटायचं तर दुसऱ्या हाताने.

सूज दाबून ठेवणारी घट्ट बाही, म्हणजे स्लीव्ह, मापाचीच हवी. माप सकाळी द्या, तेव्हा सूज कमी असते. उठल्यावर घाला, रात्री काढा. वरची कड दुमडली तर ती दोरीसारखी आवळते आणि खाली सूज वाढते. पंजा सुजत असेल तर ग्लोव्हही लागतो. मे महिन्यात जळगाव-धुळ्याच्या उन्हात स्लीव्ह नकोशी होते, पण उन्हाने सूज वाढते, म्हणून गरज तेव्हाच जास्त. दोन जोड ठेवा, रोज धुवा, सावलीत वाळवा. साधारण ६ महिन्यांत ताण जातो. मग नवी घ्या. मेडिकलमधली साधी क्रेप पट्टी हा पर्याय नाही.

खरी भीती जंतुसंसर्गाची. कापसाच्या वाळल्या बोंडाची टोकं नखाजवळ टोचतात. एवढीशी जखम पुरते. त्या हातात सुती हातमोजा घाला, कापूस भरायची ओटी दुसऱ्या बाजूला घ्या. संध्याकाळी हात साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, साधं क्रीम लावा. टोचलं तर लगेच धुऊन अँटिसेप्टिक लावा. हळद-चुना नको. हात लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला, तर स्लीव्ह काढा, मालिश करत असाल तर बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अँटिबायोटिक लागतं, वेचणी संपेपर्यंत थांबू नका.