चिठ्ठीवरची गोळी पोटात जाईपर्यंत

आमचं गाव अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात. किडनीचा पेशंट निघाला की इथं सगळे आधी पाण्याकडे बोट दाखवतात. माझ्या आईची किडनी बिघडली, पण तिला कित्येक वर्षांचं बीपी होतं, शिवाय गुडघ्यांसाठी मेडिकलमधून सुट्या आणलेल्या पेनकिलर. अकोल्याच्या किडनीच्या डॉक्टरांनी लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे लघवीवाटे जाणारं प्रथिन, तपासायला लावलं; तोवर ती तपासणी कुणी लिहूनच दिली नव्हती. प्रथिन बरंच जात होतं. त्यांनी टेल्मिसार्टन ही बीपीची आणि डापाग्लिफ्लोझिन ही मूळची शुगरची अशा दोन गोळ्या किडनी जपायला लिहून दिल्या.

डापाग्लिफ्लोझिन पाहून मेडिकलवाला म्हणाला, "काकू, हे तं शुगरची गोळी होय." झालं! आई म्हणे, "मले शुगर नाही, मंग कायले खाऊ?" याच गोळीच्या, किडनीच्या रुग्णांवर झालेल्या २०२० सालच्या डापा-सीकेडी अभ्यासातल्या चार हजारांवर रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच, आणि फायदा त्यांनाही झाला. पण हे काउंटरवर कोण सांगणार? पेटंट संपल्यापासून गोळी बरीच स्वस्त झाली आहे, त्यामुळे निदान पैशापायी अडलं नाही.

खरी पंचाईत क्रिएटिनिननं केली; रक्तातला हा आकडा चढला की किडनीचं काम मंदावलं असं धरतात. १.६ होतं, ते १.८ झालं. जवळच्या दवाखान्यात रिपोर्ट दाखवला तर, "किडनी बिघडून राहिली, टेल्मी बंद करा." अकोल्याला फोन लावला तेव्हा कळलं की या गोळ्यांनी किडनीच्या आतला दाब उतरतो, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं, ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घेतात. पुन्हा सुरू केली, तर रक्तातलं पोटॅशियम ५.९, म्हणजे जास्त. परत बंद. रक्त गावात सकाळी काढलेलं, मोटरसायकलवरून लॅबला पोचलं दुपारी. नमुना असा पडून राहिला की पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा खोटाच फुगतो. अकोल्यात जाऊन ताजं रक्त दिलं, ४.८ आलं, म्हणजे ठीक.

उन्हाळ्यात आईला हगवण लागली तेव्हा दोन्ही गोळ्या थांबवल्या. ते बरोबरच होतं. अंगातलं पाणी कमी झालं असताना त्या किडनीला झेपत नाहीत. पण परत कधी घ्यायच्या, हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. "आता बरं आहे ना, मंग राहू दे," म्हणत पेरणी उरकेस्तोवर गोळ्या डब्यातच. गंमत म्हणजे या काळात गावाकडच्या कुणीही पेनकिलर बंद करा म्हटलं नाही.

शेवटी डॉक्टरांकडून फाईलच्या पहिल्याच पानावर मराठीत लिहून घेतलं: उलट्या-जुलाब झाले तर थांबवा, नीट जेवू लागल्यावर सुरू करा, रिपोर्ट बदलला तर बंद करण्याआधी फोन करा. खाली नंबर. कुणी गोळीवर बोट ठेवलं की आई ते पान पुढे करते.

प्रथिन आता निम्म्यावर आलं आहे. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र अजून सुरू व्हायची आहे. आईचं म्हणणं, "आधी ह्या दोन पचू दे, बाप्पा."