पोरं, कुत्री आणि ‘पार्टी’: राहत्या घराची विक्री

कोथरूडचा टू बीएचके विकायचा ठरल्यावर सगळ्यांनी एकच सल्ला दिला: आधी रिकामा करा, रंग मारून घ्या, मग दाखवा. सल्ला चोख होता. पण तळेगावच्या घराचे पैसे याच फ्लॅटमधून उभे राहायचे होते. मधल्या काळात भाड्याने राहायचं, तेही दोन गावठी कुत्री चालवून घेणाऱ्या मालकाकडे, हे गणित काही बसेना. त्यात थोरलीची वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. मग ठरलं, राहूनच विकायचं.

एजंट लोकांची एक सवय असते. “ताई, खालीच आहे, पार्टी घेऊन वर येऊ का?” हा फोन यायचा तोच भर दुपारी. धाकटा बनियनवर फरशीवर लोळतोय, सिंकमध्ये भांडी आणि बेल वाजताच बंड्या आणि चिंगी दोघं दारावर. म्हणून वेळ बांधून दिली: शनिवार-रविवार सकाळी नऊ ते अकरा, बाकी दिवशी कोणी नाही. एजंट कुरकुरले. “पार्टी हातची जाईल,” म्हणाले. खरंच घ्यायचंय तो रविवारी येतो, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. नऊ ते अकरा यासाठी, की त्या वेळात नवरा दोन्ही कुत्र्यांना टेकडीवर नेऊ शकायचा. मार्चमध्ये अकरानंतर डांबरावर त्यांचे पाय भाजतात.

कुत्री घराबाहेर काढली तरी ती घरात राहतात हे लपत नाही. मी एजंटला आधीच सांगून ठेवलं होतं, फोनवरच सांग, घरात दोन कुत्री आहेत. ज्यांना चालत नव्हतं ते आलेच नाहीत आणि आमचा वेळ वाचला. वासाचं मात्र आपल्याला कळत नाही, नाक सरावलेलं असतं. बहिणीला बोलावून दारातच उभी केली आणि विचारलं, “खरं सांग.” तिने सोफ्याकडे बोट दाखवलं. मग सोफ्याची कव्हरं, कुत्र्यांच्या गाद्या, पायपुसणी सगळं दर शुक्रवारी धुवायला. उदबत्ती लावायची नाही, हा तिचाच हट्ट; दरवळ आला की लोक काय झाकलंय ते शोधतात म्हणाली. बेडरूमच्या दाराला खाली चिंगीच्या नखांचे खोल ओरखडे होते. सुताराकडून तेवढ्या भागाला सनमायकाची पट्टी मारून घेतली. थोडक्यात काम झालं.

मुलांचं अवघड होतं. धाकट्याचा आक्षेप पाहुण्यांवर नव्हता, कपाटं उघडण्यावर होता. लोक खरंच उघडतात हो, किचनच्या ट्रॉल्यांपासून मुलांच्या कपाटापर्यंत! शेवटी त्याने कागदावर ‘हे खाजगी आहे’ लिहून चिकटवलं आणि आम्ही तो कागद तसाच ठेवला. त्याची खेळणी दिवाणात ढकलायची, भांडी आदल्या रात्री घासून ठेवायची, एवढ्यावर आमची तयारी संपायची. थोरली अभ्यासाला मैत्रिणीकडे. फोटोत दिसतं तसं घर ठेवायला गेलो असतो तर पोरांवर ओरडण्यातच महिना गेला असता.

लोक तऱ्हेतऱ्हेचे आले. कुणी मोबाईलवर होकायंत्र लावून संडासाची दिशा बघितली. एका गृहस्थांनी किमतीवर फारशी घासाघीस न करता सरळ म्हटलं, “काही रक्कम रोख घ्या.” मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय आमची रक्कम पुढच्या घरात जायची होती, म्हणजे सगळं पांढरंच हवं होतं. त्यांना चहा पाजला आणि निरोप दिला.

ज्यांनी घेतलं त्यांना रांगतं बाळ होतं. बाल्कनीला आम्ही कुत्र्यांसाठी खालपासून वरपर्यंत जाळी मारून घेतली होती. त्या बाईंनी जाळी हाताने ओढून पाहिली आणि पहिला प्रश्न तोच केला, “जाताना ही काढून नेणार का?” नाही म्हटलं. पाडव्याला टोकन झालं, बँकेतून.

पुढे कागदं. साठेखतात, म्हणजे विक्रीच्या आधीच्या करारात, ताबा जूनच्या पहिल्या आठवड्यात असं स्पष्ट लिहून घेतलं, म्हणजे परीक्षा, सुट्टी आणि सामान सगळं निवांत झालं. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये, दोन्ही त्यांनी भरलं. किंमत ५० लाखांच्या वर, म्हणून त्यांनी १ टक्का टीडीएस, म्हणजे आमच्या नावाने भरायचा आयकर, कापला. आमचं थोडं कर्ज बाकी होतं. त्यांच्या बँकेने ती रक्कम थेट आमच्या बँकेला दिली. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. मी तो शाखेत हसत हसत बोलून दाखवला. कागद वेळेत आले.

डोकं फिरलं ते सोसायटीत. फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते तो हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका हद्दीत २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेक्रेटरींना त्यावर ‘स्वेच्छेने विकास निधी’ हवा होता आणि त्याशिवाय बँकेला लागणारं पत्र सही होईना. ही मर्यादा घालणाऱ्या ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकाची प्रिंट काढून नेली. वर म्हटलं, स्वेच्छा असेल तर पावतीवर तसं लिहून द्या. दुसऱ्या दिवशी पत्र मिळालं. निधीचा विषय पुन्हा निघाला नाही.

जूनमध्ये टेम्पोत सामान आणि आमच्या गाडीत दोन पोरं, दोन कुत्री अशी वरात तळेगावला पोचली. जाहिरात केव्हाच काढून टाकली आहे. तरी परवा फोन आला, “ताई, कोथरूडचा फ्लॅट आहे का अजून? पार्टी खाली उभी आहे.”