तुम्ही विचारलंत म्हणून: तो डबा कोणी पळवत नाही का?

जिओकॅशिंग म्हणजे काय हे सांगायला लागले की पहिली दोन मिनिटं समोरचा माणूस कौतुकाने ऐकतो. कुणीतरी एक डबा लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकतं. आपण फोनच्या जीपीएसवर तिथवर पोचायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत टोपणनाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवायचा आणि सापडल्याची नोंद ॲपवर करायची. झालं. मग प्रश्न येतोच: "असा बेवारशी ठेवलेला डबा कोणी पळवत नाही का?"

पळवतात की. पोरं खेळायला नेतात, झाडलोट करणारे कचरा समजून उचलतात, पुरात वाहून जातात, ज्या झाडाच्या ढोलीत ठेवला ते झाडच कापलं जातं. क्वचित एखादा उपद्व्यापी माणूस निव्वळ खोडी म्हणूनही नेतो. तरीही जगभरात तीस लाखांहून जास्त डबे आज शोधायला उपलब्ध आहेत. त्यामुळे मला चोरीपेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. डबा गेलाय हे मालकाला, म्हणजे तो लपवणाऱ्याला, कळतं कसं, आणि तो पुन्हा जाऊन नवा का ठेवतो? या खेळातल्या बहुतेक रीतीभाती याच्याभोवतीच फिरतात.

थोडा इतिहास सांगते, कारण त्यात एक गंमत आहे. 2 मे 2000 रोजी अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली. तोवर शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारी यंत्रं एका रात्रीत दहा-वीस मीटरपर्यंत अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश युझनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या तेव्हाच्या चर्चागटांत, जाहीर केले. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, व्हिडिओ, गलोल असला माल आणि घेवड्याच्या बियांचा एक सीलबंद डबा. अट एवढीच की काही घ्या, काही ठेवा. माइक टीग यांनी ती काही दिवसांतच शोधून काढली, आणि सप्टेंबर 2000 मध्ये जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं. गंमत अशी की ती बादली आज कोणी नोंदवायला घेतली तर नामंजूर होईल. ती अर्धवट जमिनीत पुरलेली होती, आणि आत खाण्याची वस्तू होती. आज खाण्याच्या वस्तूला बंदी आहे, आणि जमिनीच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा खणायलाही. खाण्याच्या वासाने जनावरं डबे कुरतडतात. आणि एकाने खड्डा खणला की जमिनीच्या मालकाला सगळेच खेळाडू कुदळ घेऊन येणारे वाटायला लागतात.

नवा डबा जाहीर होण्याआधी एक स्वयंसेवक परीक्षक त्याची माहिती तपासतो. तोही आपल्यासारखाच खेळाडू, पगार नाही. दुसऱ्या डब्यापासून अंतर किमान 161 मीटर आहे ना, म्हणजे मैलाचा दहावा भाग. जागेची परवानगी आहे ना. शाळा, चालू रेल्वेमार्ग, लष्करी आवार जवळ नाही ना. या शेवटच्या भागावर नवे लोक कुरकुरतात, पण संशयास्पद वस्तू म्हणून अशा डब्यांवर बॉम्बशोधक पथकं बोलावली गेल्याचे प्रसंग घडलेले आहेत. म्हणून डब्यावर 'जिओकॅश' असं ठळक लिहावं, शक्यतो पारदर्शक डबा वापरावा. एवढ्याने वाचतं.

आता शोधणाऱ्याकडे वळू. खेळ न खेळणाऱ्या माणसाला आमच्यात 'मगल' म्हणतात, आणि मगलांच्या देखत डबा काढायचा नाही हा पहिला धडा. त्यापायी माणसं काय काय सोंगं करतात! फोनवर बोलण्याचं नाटक तर नेहमीचंच. कोणी बुटाची नाडी इतक्या वेळा बांधतं की बघणाऱ्याला काळजी वाटावी. मला विचाराल तर वर्दळ असेल तेव्हा सरळ निघून जावं आणि नंतर यावं. आणि पहारेकऱ्याने किंवा पोलिसाने हटकलंच तर सोंग टाकून खरं सांगावं, फोनवरचं पान दाखवावं. लपवाछपवी फक्त डब्याबद्दल असते, स्वतःबद्दल नाही.

डबा हातात आल्यावरचं काम मात्र सावकाश करायचं असतं. सगळ्यांत बारीक प्रकार म्हणजे नॅनो. बोटाच्या पेराएवढी, मागे चुंबक असलेली डबी. तिचं टोपण फिरवून काढलं की आतली कागदाची चिंचोळी पट्टी उसळून बाहेर येते, आणि वारा असेल तर तुमची पुढची दहा मिनिटं गवतात जातात. म्हणून बसून, मांडीवर रुमाल पसरून उघडावी. नाव लिहिलं की पट्टी काडीभोवती गच्च गुंडाळायची. ती गुंडाळी टोपणाच्या आतल्या आट्यांपेक्षा बारीक झाली पाहिजे. सैल राहिली तर टोपण फिरवताना कागद आट्यांत सापडतो, चुरगळतो, फाटतो, आणि पुढच्याच्या हाती लगदा येतो. मोठ्या डब्याचं दुखणं वेगळं. वही ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असते तिचा एक कोपरा झाकणाखाली अडकून राहतो आणि दिव्याच्या वातीसारखा पाणी आत ओढत बसतो. झाकणाच्या रबरावरचा वाळूचा एक कणही तेच करतो. कडा बोटाने पुसायची, झाकण चारी बाजूंनी दाबायचं, आणि डबा होता तिथेच, होता तसाच, त्याच दगडाआड ठेवायचा. 'मी जरा बरी जागा शोधून ठेवला' म्हणणारे मदत करत नाहीत. अक्षांश-रेखांश जुन्या जागेचे असतात.

ऑनलाइन नोंदीबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय. कागदावर नाव असेल तरच डबा सापडला असं धरतात. नसेल तर मालक तुमची नोंद पुसू शकतो, आणि त्यात रागावण्यासारखं काही नाही. पण सापडल्यापेक्षा न सापडल्याची नोंद जास्त मोलाची. तिला डीएनएफ म्हणतात, म्हणजे 'डिड नॉट फाइंड'. लोकांना ती करायची लाज वाटते. एवढा सोपा डबा, आपल्यालाच दिसला नाही, हे चारचौघांत कशाला सांगा! मग ते गुपचूप परततात. दुसरा येतो, तोही गुपचूप परततो. पानावर शेवटची नोंद सहा महिन्यांपूर्वी सापडल्याची, त्यामुळे तिसरा खुशाल लांबून येतो. मालकाला यातलं काहीच कळत नाही. सोप्या डब्यावर लागोपाठ तीन-चार डीएनएफ पडले तर मालक ओळखतो की डबा गेला, आणि नवा घेऊन निघतो. त्याच्या दारावरची बेल ती एवढीच. ज्याच्या खात्यात एकही डीएनएफ नाही अशा खेळाडूचं मला कौतुक वाटत नाही, संशय येतो.

याहून वाईट एक खोड आहे. डबा सापडला नाही की खिशातली स्वतःची डबी काढून तिथे ठेवायची, तिच्यात नाव लिहायचं आणि 'सापडला' म्हणून मोकळं व्हायचं. करणाऱ्याला वाटतं आपण उपकार केले. बऱ्याचदा मूळ डबा जागेवरच असतो. तो अवघड असतो आणि तो अवघड असावा अशीच मालकाची इच्छा असते. काठिण्य एक ते पाच अशा श्रेणीत मोजतात, शोधण्याचं वेगळं आणि जागेचं वेगळं. शोधायला चार दिलेला डबा रात्रंदिवस डोकं लावून बनवलेला असतो, आणि त्याच्यापासून दोन हातांवर कोणीतरी दगडाखाली औषधाची बाटली सरकवून जातं. पुढचे सगळे ती बाटली उघडून खूश होतात. निस्तरायचं मालकाने. चोराचा मला इतका राग येत नाही. त्याला निदान माहीत नसतं आपण काय नेतोय.

मालकाला प्रत्येक नोंदीचा ईमेल जातो, हेही शोधणाऱ्यांच्या लक्षात नसतं. 'डब्याबद्दल आभार' याची चार रोमन अक्षरं, टीएफटीसी, एवढंच लिहिणारे ढिगाने आहेत. दिव्याच्या खांबाला चिकटवलेल्या डबीसाठी ते चालून जातं. पण कोणी टेकडीवर चढून, लाकूड कोरून डबा बसवला असेल तर दोन ओळी लिहाव्यात. वही कोरडी होती का, पानं उरलीत का, वाट मोकळी आहे का. त्याला पुढची फेरी कधी मारायची ते यावरून ठरवता येतं. फक्त जागा फोडू नये. हातात डबा धरून मागचं झाड दाखवणारा फोटो नको. डबा शोधायला मदत म्हणून मालकाने दिलेला इशारासुद्धा संकेतस्थळावर सांकेतिक करून देतात, रोमन अक्षरं तेरा घरं पुढे सरकवून, म्हणजे नजर चुकून पडली तरी कळू नये. देवनागरीत लिहिलेला इशारा मात्र उघडाच राहतो, तेव्हा तो लिहिताना जपून.

मालक स्वतःच बेपत्ता झाला तर? खेळ सोडून गेलेल्यांचे डबे कुजत पडतात, हा या छंदाचा खरा कचरा. तक्रारींना उत्तर आलं नाही की परीक्षक डबा तात्पुरता बंद करतो, काही दिवसांची मुदत देतो आणि मग यादीतून काढतो. यादीतून काढला म्हणजे जमिनीवरून गेला असं नाही. जाताना डबे गोळा करून जावं किंवा दुसऱ्या कुणाच्या नावावर करून द्यावेत. तशी सोय आहे.

वस्तूंच्या अदलाबदलीत फार अर्थ नाही. मुलांना आवडते, करावी. नियम साधा: घ्याल त्याच्या तोडीचं किंवा बरं काही ठेवा. पण डब्यात एखाद्या वस्तूला क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला असेल तर ती ठेवून घ्यायची नसते. तो प्रवासी. मालकाने त्याला काही उद्दिष्ट दिलेलं असतं, समुद्रापर्यंत जा किंवा सगळ्या खंडांत फिर असं. तुम्ही उचललात तर नोंद करा आणि लवकरच पुढच्या डब्यात सोडा. क्रमांकाचा फोटो टाकू नका, नाहीतर घरबसल्या नोंदी करणारे तुटून पडतात. बरेच प्रवासी कुणाच्यातरी टेबलाच्या खणात कायमचे मुक्कामाला जातात. त्या पहिल्या बादलीतला घेवड्याचा डबा मात्र सापडला, त्याला बिल्ला मिळाला आणि तो मेळाव्या-मेळाव्यातून मिरवतो. 2021 साली मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरही असा एक क्रमांक आहे. तो खिशात घालून विसरण्याची सोय नाही, हे बरंच.

मेळावे हा वेगळाच प्रकार. एरवी हा एकट्यादुकट्याचा छंद. वहीत तीच ती टोपणनावं दिसत राहतात, कुणाचं अक्षर ओळखीचं होतं, कोण पहाटे फिरतं, कोण पावसात बाहेर पडत नाही हेही कळतं, आणि माणूस कधी दिसलेला नसतो. मग मेळाव्याला गळ्यात टोपणनावाची पट्टी घालून तो समोर येतो, आणि तुमच्या डोक्यातला तिशीतला धडधाकट गडी सत्तरीच्या आजी निघतात. पाचशेच्या वर माणसं जमली तर मेगा, पाच हजारांच्या वर गिगा. मला दहा-पंधरा जणांचेच आवडतात. टेबलावर बिल्ले मांडलेले, सगळे वाकून क्रमांक उतरवून घेत असतात, आणि कोपऱ्यात दोघं जण एका कोड्यावरून हुज्जत घालत असतात. 2002 पासून सफाईचेही मेळावे होतात. डबे शोधता शोधता पिशव्या भरून कचरा उचलायचा. काहींना ते दिखाऊ वाटतं, पण उद्यानवाले परवानगी देताना ते लक्षात ठेवतात.

नवा डबा पहिल्यांदा शोधणाऱ्याचं जे कौतुक होतं ते मला कळत नाही. अधिकृत नोंदीत त्याला काही स्थान नाही, तरी लोक मध्यरात्री विजेरी घेऊन पळतात. पळू देत. वहीच्या कोऱ्या पानावर पहिलं नाव लिहिण्याची हौस असते एकेकाला.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर काठिण्याच्या दोन्ही श्रेणी दीडच्या आतल्या, आठवडाभरात कुणाला तरी सापडलेला, आणि नॅनो नसलेला डबा निवडा. जवळ पोचल्यावर फोनकडे बघणं थांबवा. यंत्र पाच-दहा मीटर चुकतंच, तिथून पुढे मुद्दाम रचल्यासारखे दगड आणि नको तिथे पडलेली झाडाची साल बघायची. अर्ध्या तासात मिळाला नाही तर डीएनएफ लिहा. आणि पेन स्वतःचं न्या. डब्यातलं एकतर वाळलेलं असतं, नाहीतर कुणीतरी नेलेलं असतं.