न्हाणीघराच्या भिंतीवर

जुलैतल्या एका सकाळी आंबोलीजवळच्या एका वाडीतून आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात फोन आला. न्हाणीघराच्या भिंतीवर विषारी कोळ्यांचा थवा बसला आहे, संध्याकाळी औषध फवारणार आहोत, त्याआधी कोणी बघून जावे, असा निरोप होता. मी लगेच निघाले.

ओलसर चिऱ्याच्या भिंतीवर, वळचणीखाली, काळ्या केसांचा पुंजका चिकटवल्यासारखे काहीतरी दिसत होते. मी जवळ जाताच तो सगळा पुंजका एकदम वरखाली हलू लागला. "मॅडम, पोरं आत जायला घाबरतात," घरमालक म्हणाले. त्यांच्या हातात पंप तयार होता.

ते कोळी नव्हते, हार्वेस्टमन होते, म्हणजे कोळ्यांसारखेच आठ लांब पायांचे, पण वेगळ्या गटातले जीव. नुसते सांगून त्यांना पटले नसते. पण त्याच न्हाणीच्या कोपऱ्यात लांब पायांचा एक खरा कोळी जाळ्यात उलटा लटकत होता, म्हणून मी भिंग त्यांच्याच हाती दिले. कोळ्याचे शिरोवक्ष (डोके आणि छाती मिळून झालेला पुढचा भाग) आणि उदर यांच्यामध्ये बारीक कंबर स्पष्ट दिसत होती. हार्वेस्टमनचे मसुराएवढे शरीर मात्र एकसंध होते. कोळ्याला आठ डोळे, तर याला दोनच, तेही पाठीवरच्या छोट्या उंचवट्यावर, एक डावीकडे आणि एक उजवीकडे पाहणारा. शेकडो हार्वेस्टमन असूनही भिंतीवर त्यांचा एकही धागा नव्हता, कारण त्यांना रेशीम काढताच येत नाही. त्यांना विषग्रंथीही नसतात, हे मी दोनदा सांगितले. कोळी भक्ष्याचा द्रव करून शोषतो. हार्वेस्टमन मात्र बारीक कीटक, बुरशी, मेलेले जीव यांचे तुकडे चावून खातात.

एकाला चिमटीत धरताच तो एक पाय माझ्याकडे सोडून पळाला, आणि तो तुटका पाय माझ्या तळहातावर बराच वेळ आखडत-पसरत राहिला. शत्रूचे लक्ष त्या पायाकडे जावे आणि जीव वाचावा, यासाठीच हे असते. मात्र गेलेला पाय पुन्हा उगवत नाही, म्हणून मला फार वाईट वाटले. बोटांना उग्र वास राहिला होता. शरीराच्या पुढच्या कडेला दोन्ही बाजूंना असलेल्या ग्रंथींतून ते हा वासाचा द्रव सोडतात, आणि घोळक्याने राहिल्यावर या वासाचे संरक्षण सर्वांनाच मिळते.

स्कॉटलंडमध्ये सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सापडलेला हार्वेस्टमनही असाच लांब पायांचा आहे, हे ऐकून घरातल्या आजी उठून भिंतीपाशी आल्या. सात पायांवर चालणारा आमचा तो प्राणी तोवर घोळक्यात परतला होता आणि दुसऱ्या जोडीतल्या लांब पायांनी चिऱ्यावर चाचपत होता. आजी तो वळचणीच्या सावलीत दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी मुलाला पंप गोठ्यात ठेवून यायला सांगितले.