तीन होकार आणि चौथा प्रश्न

सर्वेक्षण संस्थेत मी प्रश्नावल्या लिहिते. राज्यातल्या मतदारांना धोरणांतले बदल कितपत पटतात, हे मोजण्याचं आमचं काम. प्रश्न टेबलावर बसून लिहिले जातात; पण त्यांची परीक्षा लोकांच्या दारात होते, म्हणून पायलटच्या, म्हणजे चाचणी फेरीच्या, दिवशी मी मुलाखतकाराबरोबर फिरते. बोलायचं नाही, ऐकायचं.

त्या वेळच्या क्लायंटला घरपट्टी कमी करणारा राज्याचा कायदा हवा होता. त्यांनी ते लपवलं नव्हतं, आणि त्यात गैरही काही नाही. ज्याला बदल हवा असतो तोच बहुधा सर्वेक्षणाला पैसे देतो. प्रश्नावलीत तीन प्रश्न ओळीने होते. घरपट्टी कमी व्हावी का? सरकारी शाळा-दवाखान्यांवरचा खर्च वाढावा का? सरकारने नवं कर्ज काढणं टाळावं का? सकाळपासून तिन्हींना होकार मिळत होता. मुलाखतकार खुशीत होता, कारण मुलाखती भराभर संपत होत्या. मला मात्र ही घाई आवडत नव्हती.

दुपारी एका घरी एक गृहस्थ उत्साहाने बोलायला बसले. पण आमचा नियम असा की घरातल्या मतदारांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला, त्याचीच मुलाखत घ्यायची. नाहीतर दार उघडणारे आणि बोलके लोकच मोजले जातात. वाढदिवस त्यांच्या पत्नीचा निघाला. "तिला राजकारणातलं काय कळतंय!" ते म्हणाले. (अशा वाक्यांसाठीच तो नियम आहे.)

बाई आल्या. पहिल्या प्रश्नाला हो, दुसऱ्याला हो, तिसऱ्यालाही हो. मुलाखतकार पुढचं पान उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "थांबा हो. घरपट्टी कमी, खर्च जास्त, आणि कर्जही नको. मग पैसा यायचा कुठून?"

"काकू, तुम्हाला काय वाटतं तेवढंच सांगा," तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. मुलाखतकाराने प्रश्न समजावून सांगायला सुरुवात केली की उत्तर मतदाराचं राहत नाही.

"मला वाटतं, तुम्ही प्रश्न सुटे सुटे विचारताय म्हणून मी सुटी सुटी उत्तरं देतेय."

मुलाखत पूर्ण होऊ दिली आणि मग मी तोंड उघडलं. कसं विचारायला हवं होतं, असं त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "घरपट्टी कमी केली तर शाळा-दवाखान्यांचा पैसा घटेल, तरी चालेल का, असं विचारा. मग मी नाही म्हणेन." थोडं थांबून हसल्या. "म्हणजे दवाखान्यासाठी नाही म्हणेन. शाळेचं... आमची मुलं मोठी झाली आता."

इतकं प्रामाणिक उत्तर माझ्या कोणत्याही प्रश्नावलीतून कधी निघालं नव्हतं.

ऑफिसात येऊन मी चौथा प्रश्न लिहिला आणि मुख्य सर्वेक्षणात नमुना, म्हणजे मुलाखतीसाठी निवडलेले मतदार, दोन भागांत विभागला. निम्म्या मतदारांना घरपट्टीचा जुना प्रश्न, निम्म्यांना किमतीसकट नवा. हे तंत्र जुनंच. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात लोकशाहीविरोधी भाषणांबद्दल एका गटाला 'बंदी घालावी का' आणि दुसऱ्याला 'परवानगी द्यावी का' असं विचारलं होतं. 'परवानगी नको' म्हणणारे 'बंदी घाला' म्हणणाऱ्यांपेक्षा खूपच जास्त निघाले. हजार मतदारांचा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडलेला, नमुना घेतला तर चूक साधारण ३ टक्के इकडे-तिकडे, असं अहवालात छापलं जातं. ती चूक फक्त नमुन्याची असते. प्रश्नाच्या शब्दांमुळे किती फरक पडला, ते त्या आकड्यात येत नाही.

आमच्याकडे जुन्या प्रश्नाला स्पष्ट बहुमत मिळालं. नव्याला निम्म्याहूनही कमी पाठिंबा, आणि 'सांगता येत नाही' म्हणणारे बरेच वाढलेले.

क्लायंटकडची बैठक लांबली. "हा प्रश्न लोकांना घाबरवतो," त्यांचे प्रमुख म्हणाले. पहिला प्रश्न लोकांना नुसता खूश करतो, असं मी म्हटलं. ते त्यांना आवडलं नाही. मग आमच्या सरांनी कॅलिफोर्नियाचं उदाहरण काढलं. तिथे १९७८ साली मतदारांनी 'प्रपोझिशन १३', म्हणजे थेट मतदानाला ठेवलेला करकपातीचा प्रस्ताव, सुमारे ६५ टक्के मतांनी मंजूर केला. मालमत्ता कर, म्हणजे तिथली घरपट्टी, मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर बांधली गेली, तिचं उत्पन्न निम्म्याहून खाली आलं आणि शाळांचा भार मोठ्या प्रमाणात राज्य सरकारवर गेला. प्रमुख लगेच म्हणाले, "म्हणजे लोकांनी मत दिलंच की!" मुद्दा बिनतोड होता. मतपत्रिकेवरचा प्रश्नही कुणीतरी लिहिलेलाच असतो, आणि आमचा नवा प्रश्न तरी तटस्थ कशावरून? पैसा घटेलच, हे आम्ही गृहीत धरलं होतं. उधळपट्टी थांबवून भागेल, असं मानणाऱ्या मतदाराला त्यात जागाच नव्हती.

शेवटी ठरलं ते इतकंच: आकडे प्रसिद्ध करायचे तर दोन्ही प्रश्न शब्दशः, शेजारी शेजारी.

त्यांनी अहवाल प्रसिद्ध केलाच नाही. पण पुढच्या फेरीसाठी नवा प्रश्न पाठवला: सगळ्यांची न करता फक्त लहान घरांची घरपट्टी कमी केली तर? खाली तूट कुठून भरून काढायची त्याचे दोन पर्याय होते आणि 'खर्च कपातीत भागेल' हा तिसरा. तिन्ही त्यांनीच लिहिले होते.