बाटली उलटी केली, जेल हललं नाही

आज प्रयोगशाळेतल्या ओव्हनमधून बाटली काढून उलटी केली. आतलं जेल ढिम्म. परवा हेच पाण्यासारखं वाहत होतं! पॉलिअ‍ॅक्रिलामाइड या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या लांब साखळ्या क्रोमियमने एकमेकींना बांधल्या की असं होतं, आणि उष्णता जितकी जास्त तितकी ही बांधणी लवकर होते. वहीत जेलच्या घट्टपणाची श्रेणी लिहायची असते. 'ए' म्हणजे जेल झालंच नाही, 'जे' म्हणजे बाटलीला टिचकी मारली तर हाताला कंप जाणवतो. मी त्याच्या अलीकडचं 'आय' लिहिलं.

हा खटाटोप तेलविहिरीतलं पाणी अडवण्यासाठी. जुन्या तेलविहिरीतून १ पिंप तेलामागे ३-४ पिंपं पाणी येणं नवलाचं नाही. तेल ढकलायला सोडलेलं पाणी खडकातली सोपी वाट धरतं, भेगेतून थेट दुसऱ्या विहिरीत पोचतं. बारीक छिद्रांतलं तेल तिथेच राहतं. ती चोरवाट जेलने बुजवली की मागचं पाणी नाइलाजाने तेलाकडे वळतं. मला आवडतो तो जेलचा पक्षपात: अनेकदा ते पाण्याला जास्त अडवतं, तेलाला कमी.

वेळ मात्र जमावी लागते. लवकर घट्ट झालं तर जेल खडकात पोचण्याआधी विहिरीच्या नळीतच अडकतं.

मागच्या खेपेला तीन दिवस बाटली उलटीसुलटी करत होते. क्रोमियम घालायलाच विसरले होते.