अंगठी आपल्याकडेच असू द्या

शेवट गोड होणाऱ्या कथा-नाटकांविषयी सुशिक्षित वाचकाच्या मनात एक संकोच असतो. शोकान्त नाटक पाहून बाहेर पडणारा माणूस आपण काहीतरी भारदस्त अनुभवले या समाधानात असतो. नायक-नायिकेचे मीलन पाहून आलेला मात्र ‘ठीक होते, वेळ बरा गेला’ असे पुटपुटत चपला शोधू लागतो. संस्कृत नाटकांवर तर हा आक्षेप ठरलेलाच आहे. या मंडळींना दुःख शेवटपर्यंत पेलवत नसे, म्हणून शेवटच्या अंकात कोणी ऋषी, कोणी देवता किंवा निदान एखादा नवा राजा आणून ते सगळे सावरून घेत, असे आपण महाविद्यालयात असल्यापासून ऐकत आलो आहोत.

आक्षेपाला आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. नाट्यशास्त्राने कथानकाचे पाच संधी, म्हणजे टप्पे, सांगितले आणि शेवटच्या निर्वहण संधीत सगळे धागे एकत्र येऊन फळ पदरात पडावे, अशी अपेक्षा धरली. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखा अपवाद विरळाच. त्यात मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनाच्या मांडीवर बसायला त्याचा लहानगा मुलगा येतो आणि बापाला त्याला नको म्हणावे लागते. पुढे दुर्योधनाचा मृत्यूही रंगमंचावरच होतो. एवढा एक प्रसंग लिहिणाऱ्या परंपरेला दुःख पेलवत नव्हते, असे म्हणणे धाडसाचे आहे. तरीही बहुतेक नाटककारांनी गोड शेवटच निवडला. तो त्यांनी कसा केला, हे जवळून पाहिले म्हणजे माझा संकोच गळून पडतो. या शेवटांमध्ये सुख येते, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या तोंडी बहुधा एखादे असे वाक्य असते, की झालेल्या गोष्टीची नोंद त्या सुखातही राहून जाते.

अशा नोंदीची फारशी फिकीर न करणारा, पण तरीही मला अतिशय आवडणारा शेवट ‘मृच्छकटिका’चा आहे. दहाव्या अंकात नायक चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेत आहेत, वाटेत ठिकठिकाणी थांबून त्याच्या कथित गुन्ह्याची दवंडी पिटली जात आहे, चांडाळाने उगारलेली तलवार हातातून निसटून पडते आणि जिच्या खुनाबद्दल ही शिक्षा, ती त्याची प्रेयसी वसंतसेना धापा टाकत समोर येऊन उभी राहते. तेवढ्यात राज्यही पालटते. तिकडे चारुदत्ताची पत्नी धूता अग्निप्रवेशाच्या तयारीत असते आणि त्यांचा लहानगा मुलगा रोहसेन तिच्या पदराला धरून ओढत असतो. तिथेही चारुदत्त वेळेवर पोचतो. यानंतर जे होते ते नव्या राजवटीतल्या बदल्या-बढत्यांच्या यादीसारखे वाटते. भिक्षू सगळ्या विहारांचा कुलपती होतो, चंदनक दंडाधिकारी होतो, स्थावरक दास्यातून मुक्त होतो आणि वध करायला निघालेले दोघे चांडाळही सगळ्या चांडाळांचे प्रमुख होतात. वसंतसेनेला वधूचा मान मिळतो. हे सगळे संकट घडवून आणणाऱ्या जुन्या राजाच्या मेहुण्याला, शकाराला, लोक ठार मारायला निघाले असता, त्याला उपकाराने मारा, असे सांगून चारुदत्त सोडून देतो. एवढ्या उदार हाताने वाटलेले सुख मी दुसऱ्या कुठल्या नाटकात पाहिलेले नाही, आणि त्यात कोणाला एखादी शंका विचारायला उसंतही मिळत नाही.

कालिदास इतका घाईत नाही. महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत शाप नाही आणि अंगठीही नाही. तिथला दुष्यंत सगळे आठवत असताना तिला ओळख नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर सांगतो, की मला सर्व ठाऊक होते, लोकांनी संशय घेऊ नये म्हणून तसे वागलो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली, ती मासोळीच्या पोटात घातली आणि राजाची सुटका केली, असे म्हणतात. सुटका झाली हे खरे. पण ती कोणाच्या नजरेत झाली, हे सातव्या अंकात पाहण्यासारखे आहे.

हेमकूट पर्वतावर मारीच ऋषींच्या आश्रमात एक मुलगा सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहतो आहे. तापसी त्याला मातीचा मोर देऊ करतात. मळकी वस्त्रे नेसलेली, व्रतांनी चेहरा सुकलेली, एकच वेणी घातलेली शकुंतला येते. राजा तिच्या पाया पडतो. मुलगा विचारतो, आई, हा कोण? आणि ती म्हणते, बाळा, तुझ्या नशिबाला विचार. हे तुझे वडील, असे साधे उत्तर तिला देता आले असते. पुढे राजाच्या बोटातली ती अंगठी तिला दिसते. राजा म्हणतो, वेलीने ऋतूशी झालेल्या मीलनाची खूण म्हणून हे फूल पुन्हा धारण करावे. त्यावर शकुंतला म्हणते, माझा हिच्यावर विश्वास नाही, आर्यपुत्रांनीच ती घालावी. मारीचांनी शापाची हकिकत सांगितल्यावर आर्यपुत्रांनी आपल्याला विनाकारण नाकारले नव्हते, याचे तिला समाधान वाटते खरे. पण अंगठीविषयीचे बोलणे त्याच्या आधीच होऊन गेलेले आहे आणि कालिदासाने ते तिला परत घ्यायला लावलेले नाही. संपूर्ण नाटक ज्या वस्तूवर उभे आहे, ती वस्तू नायिका शेवटी हातात घेत नाही. याला ज्यांना पोरकट शेवट म्हणायचे असेल त्यांनी म्हणावे.

या बाबतीत आपल्या रंगभूमीच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार गमतीची वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात झाले, तेव्हा पहिल्या चार अंकांचाच प्रयोग झाला होता. बाकीचे अंक पुढे आले. म्हणजे मराठी संगीत नाटकाच्या त्या पहिल्या प्रेक्षकांनी शाप ऐकला, सासरी निघालेल्या शकुंतलेला कण्वांच्या जोडीने निरोप दिला आणि ते घरी गेले. राजाने ओळख नाकारणे त्यांना पाहावे लागले नाही आणि मीलनही त्यांच्या वाट्याला आले नाही. तरी कोणी तिकिटाचे पैसे परत मागितले असतील असे वाटत नाही, कारण पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. पुढे १९१९ मध्ये याच रंगभूमीवर ‘एकच प्याला’ आले आणि नायिका सिंधूच्या मरणावर रडण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा तिकिटे काढू लागले. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला गोडच लागते, या समजुतीतही फारसा अर्थ नाही.

गोड शेवट वाईट कसा होतो, याचेही उदाहरण दिले पाहिजे, आणि त्यासाठी इंग्लंडला जावे लागते. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चा शेवट प्रेक्षकांना सोसवत नाही, असे मानून नेहम टेट या कवीने १६८१ मध्ये त्याची दुरुस्त आवृत्ती तयार केली. तिच्यात कॉर्डीलिया मरत नाही, तिचे लग्न एडगरशी होते, लिअरला राज्य परत मिळते आणि विदूषकाला नाटकातून पूर्ण रजा मिळते. नट मॅक्रेडीने १८३८ मध्ये मूळ संहिता विदूषकासह रंगमंचावर परत आणीपर्यंत, दीडशेहून अधिक वर्षे, इंग्रज प्रेक्षक प्रामुख्याने हाच ‘लिअर’ पाहत राहिले. शेक्सपिअरची नाटके संपादित करणाऱ्या डॉक्टर जॉन्सनसारख्या खंद्या वाचकानेही कॉर्डीलियाच्या मृत्यूने आपल्याला इतका धक्का बसला होता, की संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत ते प्रवेश पुन्हा वाचण्याचे धैर्य झाले नाही, असे लिहून ठेवले आहे. त्यामुळे टेटला हसणे मला जमत नाही. त्याची चूक करुणेची नसून घाईची आहे. वादळात उघड्यावर भटकलेल्या म्हाताऱ्याला राज्य परत दिले की हिशेब मिटला, असे त्याने धरले. त्याची कॉर्डीलिया वडिलांना एकही अवघड प्रश्न विचारत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न विचारण्याची पद्धत अभिजात नाटकापुरती नाही, ती श्रावणातल्या कहाण्यांतही आहे. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण करायची, हे तिथे आधीच ठरलेले. ‘संपूर्ण’च्या आधी ‘सुफळ’ लावल्याशिवाय पोथी मिटत नाही. तरीही शुक्रवारची कहाणी आठवा. श्रीमंत भाऊ सहस्रभोजन घालतो आणि सख्ख्या बहिणीला बोलावत नाही. ती मुलांना घेऊन आपणहून जाते, पंगतीत बसते. तूप वाढत आलेला भाऊ तिला म्हणतो, तुझ्या अंगावर धड वस्त्र नाही, दागिना नाही, लोक हसतात, उद्या येऊ नकोस. मुलांसाठी ती पुन्हा जाते आणि शेवटी तो तिला हाताला धरून बाहेर काढतो. पुढे व्रत होते, लक्ष्मी प्रसन्न होते, बहिणीच्या घरी सुबत्ता येते आणि भाऊ आग्रहाने तिला जेवायला बोलावतो. इथे टेटने कहाणी संपवली असती. पण आपली बहीण पाटावर बसते, अंगावरचे दागिने काढून समोर मांडते आणि ताटातला एकेक पदार्थ उचलून एकेका दागिन्यावर ठेवू लागते. भाऊ विचारतो, ताई, हे काय करतेस? ती सांगते, तू ज्यांना जेवायला बोलावलेस त्यांना वाढते आहे. माझे जेवण मी सहस्रभोजनाच्या दिवशीच जेवले. भाऊ ओशाळतो, पाय धरतो, ती क्षमा करते आणि मग दोघे जेवतात. पोथी वाचणाऱ्या आजीच्या आवाजात इथे एक विशेष धार येत असे. तिलाही कोणाचे तरी ताट आठवत असावे.

भवभूतीपर्यंत यायला मी मुद्दाम वेळ लावला, कारण त्याच्यापुढे बाकीचे थोडे सोपे वाटतात. हा आपल्या विदर्भातला. त्याने स्वतःच आपल्या घराण्याचे गाव पद्मपूर असल्याचे सांगितले आहे आणि संशोधक वा. वि. मिराशी यांनी ते गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचे पद्मपूर असल्याचे मत मांडले. आठव्या शतकातल्या या कवीने ‘उत्तररामचरिता’साठी जी कथा घेतली, तिचा शेवट प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होता: सीता धरणीच्या पोटात जाते. तो शेवट बदलायचा, तर दुःख पातळ करून चालणार नव्हते, आणि भवभूतीने ते केलेही नाही. पहिल्या अंकात वनवासाची चित्रे पाहून दमलेली सीता रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपते. दुर्मुख नावाचा हेर येऊन लोकांमधली कुजबुज कानात सांगतो. राम झोपलेल्या सीतेचे डोके अलगद उचलून आपला हात काढून घेतो, तिचे पाय आपल्या मस्तकाला लावतो आणि जातो. त्या हात काढून घेण्यात पुढची बारा वर्षे आहेत. तिसऱ्या अंकात पंचवटीच्या परिसरात राम शोक करतो, मूर्च्छित पडतो आणि त्याला दिसू न शकणारी सीता स्पर्शाने त्याला शुद्धीवर आणते. सीतेची सखी वासंती मात्र रामाला सोडत नाही. तू माझे जीवित, तू माझे दुसरे हृदय, असे ज्या भोळीला म्हणत होतास तिचे काय केलेस, हे ती तोंडावर ऐकवते.

आणि मग सातवा अंक. गंगेच्या काठी वाल्मीकींनी रचलेले नाटक अप्सरा करून दाखवतात. पाहायला राम आहे, लक्ष्मण आहे आणि नगरातले लोकही आहेत. ज्यांच्या बोलण्यावरून सीता घराबाहेर पडली, त्यांनाच तिची कथा पाहायला बसवले आहे, ही भवभूतीची खरी हिकमत. आतल्या नाटकात सीता गंगेत उडी घेते, जुळ्यांना जन्म देते. पृथ्वी जावयावर संतापते. आणि सीता आईला म्हणते, मला तुझ्यात सामावून घे. राम हे पाहताना इतका हरवतो, की देवी, देवी म्हणून ओरडू लागतो आणि लक्ष्मणाला सांगावे लागते, आर्य, हे नाटक आहे. अखेर राम कोसळतो आणि लक्ष्मण वाल्मीकींनाच हाक मारून विचारतो, तुमच्या काव्याचा अर्थ हाच का? मला हा प्रश्न फार धीट वाटतो. मूळ कथेतले पात्र मूळ कवीला शेवटाचा जाब विचारते आहे, आणि त्याच्यानंतरच खरी सीता गंगेच्या प्रवाहातून वर येते. रामाला ती स्पर्शाने शुद्धीवर आणते, वसिष्ठांची पत्नी अरुंधती नगरजनांना थेट विचारते आणि लोक मान खाली घालून वंदन करतात. गोड शेवट इथे कोणी वरून टाकलेला नाही. ज्यांनी बिघडवले होते त्यांच्याकडून तो वसूल केलेला आहे.

तरीही एक वाक्य उरते. सीतेला सहधर्मचारिणी म्हणून स्वीकार, असे अरुंधती रामाला सांगते, तेव्हा सीता स्वगत म्हणते: आर्यपुत्रांना सीतेचे दुःख पुसता येते का? स्वगत असल्यामुळे ते रामाला ऐकू जात नाही, त्यामुळे त्याला उत्तरही द्यावे लागत नाही. तो भगवती अरुंधतीच्या आज्ञेला होकार देतो, कुश-लव आई-वडिलांना भेटतात आणि भरतवाक्य, म्हणजे शेवटची मंगल प्रार्थना, होऊन नाटक संपते. वाचताना हे वाक्य सहज डोळ्यांखालून निसटते. कोणी हे नाटक पुन्हा उभे केले, तर माझे एवढेच मागणे राहील, की सीतेचे काम करणाऱ्या नटीने तिथे घाई करू नये, आणि मागे बसलेल्या वाद्यवृंदानेही मंगल सूर जरा उशिरा धरावा.